रंगवलेली धमनी

ती धमनी मी कापली. कात्रीने, दुपारी सव्वाचारच्या सुमारास, ती खरी आहे याची नीट खात्री करून घेतल्यावर. त्याच्या तासभर आधी एका एकोणीस वर्षांच्या मुलीला मी परीक्षेत खोटं पाडलं होतं. धमनी जागेवर राहिली असती तर खोटं कोण, हे कुणालाही दिसलं असतं. याला चौदा वर्षं झाली. मनातल्या मनात हे पुष्कळदा सांगून झालंय, कागदावर आज पहिल्यांदा उतरवतोय.

मी शरीररचनाशास्त्र शिकवतो. डॉक्टर होऊ निघालेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना, दान केलेल्या देहांवर, माणूस आतून कसा असतो ते दाखवतो. मे महिन्यात आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा असतात. इतरांना मे म्हणजे आंबे, गावाला जाणं, लग्नाच्या पत्रिका. मला मे म्हणजे फॉर्मलिनने चुरचुरणारे डोळे आणि पाठांतर करणाऱ्या मुलांची हॉलच्या दाराबाहेरची कुजबुज.

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या गॅलरीतून आता समोरच्या बिल्डिंगचे एसी तेवढे दिसतात. पण याच दिवसांत खाडीच्या बाजूला गेलं की उरल्यासुरल्या मिठागरांत मिठाचे ढीग लागलेले असतात. ऊन त्यांच्यावर पडून उलटं डोळ्यांत येतं. आणखी पश्चिमेला उत्तनला बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात. आमच्या हॉलचे सेवक डायसकाका तिथले. दरवर्षी परीक्षेच्या आठवड्यात ते स्टीलच्या डब्यातून सुके बोंबील आणायचे आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "सर, घरी न्या. हितं उघडू नका. पोरांना वाटंल, कुनाचा तरी कायतरी हाय." मीठ, ऊन, फॉर्मलिन. या महिन्यात माझ्या आसपास सगळीकडे काही ना काही टिकवून ठेवण्याचं काम चालू असतं. मला मात्र एक गोष्ट नाहीशी करायची होती, आणि तीच सगळ्यात जास्त टिकली.

ती धमनी कुठली, हे सांगायला हवं. त्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही.

पोटातून खाली येणारी महाधमनी बेंबीच्या जरा खाली दुभंगते. ओटीपोटाची हाडं मिळून एक वाडगा तयार होतो, त्याला श्रोणी म्हणतात. या वाडग्याच्या काठावर दोन्हीकडचा फाटा पुन्हा दुभंगतो. बाहेरचा सरळ पायाकडे निघून जातो. आतला वाडग्यात उतरतो. ती अंतःश्रोणी धमनी. करंगळीपेक्षाही आखूड, पण मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, कुल्ले, सगळ्यांचं रक्त तिच्यावर. तिची एक शाखा तर आपण आईच्या पोटात असताना आपलं रक्त वारेपर्यंत पोचवते, आणि जन्मानंतर सुकून तिची दोरी होते. ती दोरी म्हातारपणापर्यंत तिथेच असते. कित्येक देहांत मी ती बोटांनी चाचपलीय, आणि दर वेळी माझा हात क्षणभर थांबलाय.

या धमनीची आणखी एक शाखा वाडग्याच्या भिंतीला धरून पुढे जाते आणि हाडातल्या एका भोकातून मांडीच्या आतल्या बाजूला उतरते. ऑब्ट्युरेटर धमनी. पुस्तकात ती अंतःश्रोणीतून निघते. माणसांत बहुतेकदा तिथूनच निघते. पण काही माणसांत ती तिथून निघतच नाही. पोटाच्या पुढच्या भिंतीकडे जाणारी एक वेगळीच धमनी असते, तिच्यातून फुटून ती जांघेच्या हाडावरून वाडग्यात खाली येते. हर्निया शिवताना सर्जनला हे माहीत नसेल तर त्याच्या सुरीखाली ती येऊ शकते, आणि मग रक्त थांबता थांबत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि समोर आल्यावर ओळखणं यांत फार अंतर आहे.

त्या वर्षी टेबल नंबर चारवर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा देह होता. नावं आम्हाला सांगत नाहीत. त्यांची श्रोणी मी स्वतः दोन महिने खपून तयार केली. चरबी आणि जाळी चिमट्याने वेचून काढायची, मग धमन्यांना लाल, शिरांना निळा, नसांना पिवळा रंग द्यायचा. बाहेरून येणारे परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी चार नंबरपाशी थांबून "वा" म्हणावं, एवढ्यासाठी फक्त त्याच टेबलावर मी रंगकाम केलं होतं.

ऑब्ट्युरेटर धमनीचा मांडीकडचा भाग मला सहज सापडला. उगमाकडचा सापडेना. दोन दिवस शोधला. मग अंतःश्रोणीपासून निघालेला एक पांढुरका चिवट धागा बरोबर त्या दिशेला जाताना दिसला. मी खालच्या खऱ्या धमनीला लाल रंग दिला आणि तोच ब्रश पुढे नेत त्या धाग्यालाही लाल केलं. तेव्हा मी कुणाला फसवत नव्हतो. पुस्तकात ती तिथे आहे, म्हणजे ती तिथे असणारच, इतकंच माझ्या डोक्यात होतं. धागा बोटांत धरून एकदा दाबला असता तरी कळलं असतं. धमनी मेल्यावरही नळीसारखी लागते. धागा धाग्यासारखाच लागतो.

ती मुलगी म्हणजे सुजाता खिल्लारे. भाईंदरच्या नवघरहून यायची. तिचं कुटुंब हिंगोलीकडचं, वडील लहानपणीच गेलेले, आई भाईंदरच्या एका गाळ्यात स्टीलची भांडी कागदात गुंडाळायच्या कामाला. वर्गात ती फारशी बोलत नसे. पण टेबलाशी मात्र शेवटपर्यंत थांबायची. डायसकाका तिला दिवे बंद करून बाहेर काढायचे, "चल बाय, आता म्हाताऱ्यांना झोपू दे."

परीक्षकांनी चार नंबरवर लाल शाखेला चिमटा लावून तिला विचारलं, "ही कोणती, आणि कुठून निघते?"

"ऑब्ट्युरेटर, सर. पण ती इथून निघत नाहीये."

"म्हणजे?"

"हा वरचा लाल तुकडा धमनी नाहीये, सर. दोरा आहे. दाबलं तर आत पोकळी लागत नाही. खरी धमनी या हाडावरून वर जातेय, तिकडे, पोटाच्या भिंतीकडे. तुम्ही दाबून बघा ना."

परीक्षक माझ्याकडे वळले. "टेबल तुमचं आहे, सर. काय म्हणते ही?"

त्या क्षणी मला खरं काय ते ठाऊक नव्हतं, पण शंका आली होती. दोन महिन्यांपूर्वीची ती दोन दिवसांची शोधाशोध एकदम आठवली होती. चिमटा माझ्या खिशात होता, हात पुढे करायचा अवकाश. मी म्हणालो, "घाबरलीय ती. पाठ केलेलं आठवलं नाही की मुलं असं काहीतरी रचतात."

"मी रचत नाहीये, सर," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, आधी हात लावा."

"परीक्षा द्यायला आलीस की वाद घालायला?" परीक्षक म्हणाले. "पुढे चला."

पुढच्या टेबलावर तिने डावं मूत्रपिंड उजवं सांगितलं. त्याच्या पुढच्या टेबलावर काहीच सांगितलं नाही.

सव्वाचारला सगळे खाली चहाला गेले. परीक्षक गुणांच्या कागदांवर सह्या करत बसले होते. मी हॉलमध्ये परत आलो आणि तो लाल धागा बोटांत धरून दाबला. मग पोटाच्या भिंतीचा पडदा उचलला. जांघेच्या हाडावरून ती खाली येत होती. सुबक, सरळ, तिने सांगितलं होतं तशीच. खाली दोन जिने उतरलो असतो आणि "सर, एक मिनिट वर या," एवढं म्हटलं असतं तर सगळं जागेवर आलं असतं. मी तिथे उभा राहून विचार केला, तो असा: उद्या दुसऱ्या तुकडीची परीक्षा आहे, हेच टेबल आहे, आणखी कुणी पडदा उचलला तर? मग कात्री घेतली. उगमापासून खाली, मी रंग दिलेल्या भागाच्या टोकासकट, बोटभर तुकडा काढला.

आता दुसरी चूक. ती बाहेरच्यांना क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे प्रत्येक टेबलाखाली त्या टेबलाची बादली असते. वर्षभर त्या देहातून निघालेली चरबी, कातडं, प्रत्येक कण त्याच बादलीत जातो, आणि शेवटी देहाबरोबर त्याचं सगळं एकत्र निरोपाला जातं. डायसकाका हे डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे. पहिल्याच दिवशी मुलांना दम द्यायचे, "ज्याचा त्याच्या संगं. बादली चुकवायची न्हाय." चारच्या बादलीत कुणी शोधलं तर सापडेल, या भीतीने मी तो तुकडा पाचच्या बादलीत टाकला. ज्याने सगळा देह आम्हाला दिला, त्याचा बोटभर भाग मी परक्याबरोबर पाठवला.

सुजाता नापास झाली. सहा महिने मागे पडलेल्यांची आमच्याकडे वेगळी तुकडी होते. कँटीनमध्ये त्यांचं टेबलही वेगळं होतं, कुणी तसं ठरवलेलं नसताना. ती हिवाळ्यात पास झाली, पुढे गेली. माझ्या तासाला तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

मीरा रोड आणि भाईंदर म्हणजे तसं एकच गाव. शेअर रिक्षात गुडघ्याला गुडघा लागतो. एकदा स्टेशनबाहेर एका रिक्षात ती बसलेली होती. सरकून म्हणाली, "या ना सर, जागा आहे." मी म्हणालो, "मला दुसरीकडे जायचंय." आणि भर उन्हात घरापर्यंत चालत गेलो. नवघरच्या नाक्यावरच्या एका मेडिकलच्या दुकानावर काही वर्षांनी तिच्या नावाची पाटी लागली, स्त्रीरोगतज्ज्ञ. ती पाटी दिसली त्या दिवसापासून माझा न्हावी बदलला, भाजीवाला बदलला, आणि घरी सांगायला कारणंही तयार झाली.

लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. त्या वर्षानंतर मी ही वेगळी वाट दरवर्षी शिकवतो. मुलांना सांगतो, पुस्तकावर जाऊ नका, दाबून बघा. एकेका देहाची वाट शोधून दाखवतो. मुलं म्हणतात, वेगळेपण शिकवावं तर सरांनी. शिक्षकदिनाला त्याबद्दल कार्ड येतात. तिचं वाक्य मी चौदा वर्षं माझं म्हणून वापरतोय.

या मे महिन्यात डायसकाका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी हॉल धुऊन झाल्यावर त्यांनी नेहमीचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले.

"सर, एक बोलू? राग न्हाय ना येनार?"

"बोला ना काका."

"त्या साली चार नंबरचा तुकडा पाचच्या बादलीत गेलता. लाल रंग व्हता त्याला. रंग फकस्त चारला व्हता."

मी डबा उगाचच टेबलाच्या कडेला सरकवला.

"मी परत चारमधी टाकला. म्हाताऱ्याचा म्हाताऱ्या संगं गेला. त्याचा घोर नका करू." त्यांनी फडकं पिळून नळावर वाळत टाकलं. "बॉडीचा मी बघितला, सर. पोरीचा कोन बघील?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नवघरला गेलो. दवाखान्यात सगळ्या बायका. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे वर-खाली पाहिलं. "अंकल, पेशंट कहाँ है?"

"मैं ही हूँ," मी म्हणालो.

"ये लेडीज डॉक्टर है, अंकल." बाकावरची एक गरोदर बाई पदर तोंडाला लावून हसली. मी सगळ्यांत शेवटी आत गेलो.

"सर!" सुजाता उभी राहिली. केसांत दोन-चार पांढऱ्या बटा आल्यात. "बसा ना. मॅडमना काही होतंय का?"

"तिला काही नाही. माझंच आहे."

मी सांगितलं. रंग, धागा, कात्री, बादली. ती टेबलावरचं पेन उघडत-मिटत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं, सर."

"काय?"

"दुसऱ्या दिवशी एप्रन विसरला असं सांगून मी हॉलमध्ये गेले होते. काकांनी सोडलं आत. पडदा उचलला तर कापलेलं टोक. ताजं. आदल्या दिवशी ते नव्हतं." ती जराशी हसली. "खरं सांगू? बरं वाटलं मला. म्हटलं, म्हणजे आपण वेडे नाही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कुणाशी? तुमच्याशी?"

बाहेर रिक्षावाले सवारीसाठी ओरडत होते. मी "सुजाता, मला" असं काहीतरी सुरू केलं, तर तिने हात वर करून थांबवलं.

"माझ्याकडे नको. इथे तर नकोच. वर चला. आई घरी आहे." आणि पायऱ्या चढताना, मागे न बघता, बोलत राहिली. "तिला आजपण वाटतं की मी त्या वर्षी अभ्यास केला नाही. गाळ्यातल्या बायकांना तिने आधीच पेढे वाटून ठेवले होते, मुलगी डॉक्टर होणार म्हणून. निकाल लागला तेव्हा आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. मग घरातल्या बुद्धमूर्तीपुढे उभं केलं आणि म्हणाली, फसवलं असशील तर इथे कबूल हो. मी म्हटलं, चुकले आई, पुन्हा अभ्यासात कुचराई करणार नाही. न केलेल्या चुकीची माफी मागितली मी, सर. तेवढं एक माझ्या घशात अडकलंय. नापास होणं नाही."

घर छोटं, नीटनेटकं. खिडकीशी मूर्ती, तिच्यापुढे तगरीची दोन फुलं. आईंनी मला ओळखलं नाही. "कालेजातले सर व्हय? बसा की. चहा टाकते."

"चहा नंतर, आई," सुजाता म्हणाली. "सरांना काहीतरी सांगायचंय."

मी एवढी वर्षं हजारो मुलांना ती धमनी समजावली. त्या बाईंना समजावताना माझी जीभ अडखळत होती. टेबलावरच्या कापडावर बोटाने रेघा काढल्या. ही मोठी, हिला दोन फाटे, ही शाखा इथून निघायला हवी, पण त्या माणसात ती तिकडून आली होती. सुजाताने ते ओळखलं. मी ऐकलं नाही.

आई कापडावर वाकल्या. "म्हंजी आमच्या चाळीतल्या नळावानी," त्या म्हणाल्या. "मोठी लाइन आमच्या दारावरून जायची. पन आमचं पानी यायचं मागच्या गल्लीतून. मुन्शिपाल्टीचा मानूस कागद घिऊन यायचा अन् म्हनायचा, बाई, तुमचं पानी हितूनच येतंय. मी म्हनायची, आरं बाबा, कागद काय बघतो, चावी फिरवून बघ."

"हो," मी म्हणालो. "हिनेही हेच म्हटलं होतं. दाबून बघा. मी बघितलं नाही. आणि नंतर बघितलं, तेव्हा ते कापून टाकलं."

त्या एकदम लेकीकडे वळल्या. "अन् तू मला चुकले म्हनून का म्हनलीस?"

"तू ऐकलं असतंस का तेव्हा? सर खोटे आणि मी खरी?"

आईंचा हात कापडावरच्या न दिसणाऱ्या रेघांवरून एकदा फिरला. मग उठून त्या लेकीजवळ गेल्या, तिचा दंड धरला आणि तिला खिडकीशी, मूर्तीपुढे आणून उभं केलं. त्या वर्षी केलं असेल अगदी तसंच. "हितं उभी व्हती ती," त्या मला म्हणाल्या. "मी हितं. तुम्ही या समोर."

मी गेलो आणि त्यांच्याकडे बघून बोलायला तोंड उघडलं.

"माझ्याकडं नका बघू," त्या म्हणाल्या. "तिच्याकडं बघा."

परीक्षेच्या दिवशी ती ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती, त्या नजरेपुढे मी चौदा वर्षांनी उभा होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवलं नाही.

"सुजाता, तू बरोबर होतीस. मी ते त्याच दिवशी पाहिलं आणि लपवलं. तू रचत नव्हतीस, रचलं मी. तू कधीच फसवलं नाहीस, ना मला, ना तुझ्या आईला. मी चुकलो. मला माफ कर."